भीमसेन हवालदाराचा घुमणारा डबा

निपाणीच्या जुन्या मोटारस्टँडमागच्या गल्लीत एक बातमी बरीच वर्षं फिरत होती, की भीमसेन हवालदार ठार बहिरा आहे. लढाईत म्हणे तो तोफेच्या शेजारी उभा होता, दोन्ही कानांचे पडदे फाटले, आणि तेव्हापासून त्याला आवाज पोटानं ऐकू येतो. पुरावा विचारला तर लोक दुकानाकडं बोट दाखवायचे: बघा, रेडिओ दुरुस्त करताना कसा पोटाशी धरून बसलाय.

ही बातमी कुणी सोडली ते विचारण्यात अर्थ नाही. खरी गोष्ट एवढीच की तोफ त्यानं पाहिली ती परेडच्या दिवशी, दोनशे पावलांवरून. सतरा वर्षं पलटणीत काढली ती सगळी वर्कशॉपमध्ये, वायरलेस सेट खोलून बसवण्यात. आणि रेडिओ पोटाशी धरायचा, कारण दुकान इतकं अरुंद की टेबल आत नेलं तर हवालदारानं बाहेर बसावं लागलं असतं. कान तर असे तिखट की समोरच्या हॉटेलात कपबशी विसळली तर ती तडकलेली आहे का धड, हे त्याला इकडं बसून कळायचं.

मग बहिरा कसा? तर ज्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसेल ते त्याला ऐकूच येत नसे. मान खाली, डाग देण्याची तापलेली कांडी हातात, धूर वर. समोरचा बोलून बोलून दमायचा. त्याची बायको सुलाबाई म्हणायची, "मीठ संपलंय म्हटलं की ह्येंचं कान गेलं. च्या झालाय म्हटलं की आलं परत."

एकोणऐंशी साली पेन्शन घेऊन भीमसेन निपाणीला आला आणि रेडिओ-टेपच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. पाटीवर 'माजी सैनिक' हे शब्द रेडिओपेक्षा मोठे. घरी सुलाबाई आणि म्हातारा बाप देवाप्पा. सगळी गल्ली त्याला आप्पा म्हणायची.

आप्पाची ओळख सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. हलगीच्या जोडीला घुमकं म्हणून एक वाद्य असतं, लहान ढोलासारखं. हलगी कानात वाजते, घुमकं छातीत. एके काळी चिकोडीपासून कागलपर्यंत देवाप्पाच्या घुमक्यासारखा जाड, गोल आवाज कुणाच्या हातून निघत नव्हता. पण लग्न कुणाचंही असो, वाजवायचं ते मांडवाबाहेर उभं राहून, आणि अक्षता पडल्या की पदरात घ्यायचं ते नारळ, धोतर आणि पातेल्याच्या बुडाचा भात. तेही बाहेरच. छप्पन साली वस्तीतल्या लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी देवाप्पानं घुमक्याची दोन्ही कातडी सोडून टाकली. उरलेलं लाकडी खोड परड्यात पडलं. त्यात आता एक तांबडी कोंबडी अंडी घालायची. त्यानंतर तीस वर्षं देवाप्पानं साधा पत्र्याचा डबाही बोटानं वाजवला नाही.

सत्त्याऐंशी सालच्या चैत्रात एका दुपारी भीमसेनच्या दुकानासमोर एक बदामी रंगाची जपानी गाडी येऊन उभी राहिली. गाडी तंबाखूचे व्यापारी परशरामअण्णा यांची. दिल्लीच्या कुठल्याशा वकिलातीनं वापरून लिलावात काढलेली, तिथून मुंबई, मुंबईहून निपाणी. असली गाडी तेव्हा निपाणीत ही एकच, त्यामुळं गाडीमागं दहा-वीस माणसं चालत आली होती. पुढच्या सीटवर काठी धरून अण्णांचे चुलते नागोजीकाका. वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र अजून वखारीभर पोचणारा.

"हवालदार," अण्णा म्हणाले, "गाडीत कंपनीचाच टेप बसवून आलाय. बटणं बघा, दिवं बघा. पर आवाज ऐका जरा."

त्यांनी टेप लावला. आवाज स्वच्छ होता, पण सगळा वरवरचा. ढोलकी सुरू झाली तर कुणी पत्रावळीवर बोटं वाजवतोय असं वाटलं.

"डास गुणगुणल्यावाणी वाजतोय," अण्णा म्हणाले. "पोटात उतरत न्हाय. पोरीचं लगीन ठरलंय, आमच्या विजूचं. नवरा ह्याच गाडीतनं आणायचा."

नागोजीकाकांनी काठी आपटली. "मला गाडीचं काय पडलं न्हाय. नवरा मारुतीच्या देवळापासनं मांडवापत्तूर आणताना घुमकं वाजलं पायजे. देवाप्पाचं. माझ्या लग्नात वाजवलंतं त्यानं. अजून हितं हाय." त्यांनी छातीवर हात ठेवला. "एकदा, शेवटचं. तू सांग बापाला."

"आप्पा वाजवत न्हाय," भीमसेन मान वर न करता म्हणाला.

"ते म्हाईत हाय. म्हणून तर तुला सांगतोय."

भीमसेननं हातातला डाग पुरा केला. मग कांडी खाली ठेवली.

"घुमकंच पायजे न्हवं? मी वाजवतो. गाडीत."

आणि त्यानं समजावून सांगितलं. कंपनीचा टेप तसाच ठेवायचा. त्याच्या मागच्या स्पीकरांतून आवाजाची एक फांदी काढायची, तिच्यातला जाड आवाज तेवढा वेगळा करायचा, स्वतंत्र अँप्लिफायरवर मोठा करायचा आणि डिकीत एक लाकडी डबा ठेवून त्यातल्या परातीएवढ्या स्पीकरवर सोडायचा. पुढं ज्याला पोरं सबवूफर म्हणायला लागली, तोच हा प्रकार. पण तेव्हा निपाणीत त्याला नाव नव्हतं. सगळे 'डबा' म्हणाले आणि डबाच राहिला.

"भोक पाडायचं न्हाय हं गाडीला," अण्णा म्हणाले. "वायर तोडायची न्हाय. कंपनीचा टेप बिघडला तर हिकडं कुणाकडं मिळायचा न्हाय त्यो."

"न्हाय पाडत."

"आन् तुझा डबा वाजला न्हाय तर?" नागोजीकाकांनी मध्येच विचारलं. "तर देवाप्पा ईल घुमकं घिऊन. ठरलं?"

झालं. हवालदार बहिरा झाला. कांडी उचलली, डाग देऊ लागला. गल्लीतल्या कुठल्याही माणसाला या बहिरेपणाचा अर्थ कळला असता, की याला उत्तर द्यायचं नाही. पण नागोजीकाका गल्लीतले नव्हते. पलटणीतला माणूस गप्प राहिला म्हणजे हुकूम मानला, असं त्यांनी धरलं. "ठरलं तर मग," म्हणून त्यांनी काच वर केली.

"मजुरी काय घेणार?" अण्णांनी जाता जाता विचारलं.

आता मात्र ऐकू आलं. "मजुरी न्हाय. लग्नाची पत्रिका द्या. आप्पाच्या नावानं. हळदकुंकू लावून, घरी आणून द्यायची. आन् जेवण मांडवात."

अण्णांनी चुलत्याकडं बघितलं. चुलत्यानं काठीच्या मुठीकडं बघितलं.

"डबा वाजला की देतो पत्रिका," अण्णा म्हणाले. "म्या सोता आणून देतो."

म्हणजे सौदा असा पडला: डबा वाजला तर देवाप्पा मांडवातला पाहुणा, न वाजला तर मांडवाबाहेरचा वाजंत्री. आणि ज्याच्यावर हे सगळं ठरलं तो म्हातारा घरी ओट्यावर ऊन खात बसला होता, त्याला गंधवार्ता नाही. रात्री जेवताना भीमसेननं भाकरी अर्धीच खाल्ली. सुलाबाईनं खोदून काढल्यावर सगळं बाहेर आलं.

"आन् काकांनी ठरलं म्हटल्यावर न्हाय म्हणायला काय झालंतं?" ती म्हणाली. "तवाच बरं कान गेलं तुमचं."

"वाजणार हाय."

"आप्पास्नी काय सांगायचं?"

"काय न्हाय. वाजणार हाय म्हटलं न्हवं."

दुसऱ्या दिवशी भीमसेन बेळगावला गेला. कॅम्पात एका चर्चनं जुना विजेचा ऑर्गन मोडीत काढला होता, त्याचा बारा इंची स्पीकर एका भंगारवाल्याकडं पडून होता हे त्याला ठाऊक होतं. कागदाचा कोन जरा फाटलेला, पण चुंबक असा की भंगारवाल्याच्या तराजूचा काटा त्याच्याकडं झुकलेला. स्पीकर मांडीवर घेऊन हवालदार एसटीत बसला. कंडक्टरनं कानडीत विचारलं, "इदु एन्री?" हे काय आहे म्हणून. भीमसेन म्हणाला, "घुमकं." कंडक्टरनं एकदा त्या काळ्या परातीकडं बघितलं, एकदा पलटणीच्या मिशांकडं बघितलं, आणि पुढं गेला.

मग पंधरा दिवस दुकानात दुसरं काम झालं नाही. जपानी टेपची गोम अशी होती की त्याच्या स्पीकरची एकही तार गाडीच्या पत्र्याला चिकटलेली चालत नव्हती. चिकटली की टेप गेला. दुसऱ्या कुणी तिथं धडाधड वायरी जोडल्या असत्या आणि धूर काढला असता. भीमसेननं व्हॉल्वच्या एका जुन्या रेडिओतला बारका ट्रान्सफॉर्मर काढला आणि मध्ये बसवला. आवाज पलीकडं जाणार, पण एका बाजूची तार दुसऱ्या बाजूला शिवणार नाही. कंपनीच्या स्पीकरच्या पात्यांवर नुसते चिमटे चढवले. बॅटरीची तार आधीच असलेल्या रबरी भोकातून आणली, तिच्यात फ्यूज घातला. पत्र्याला ओरखडासुद्धा नाही.

जाड आवाज वेगळा कसा काढतात, हे त्यानं सुलाबाईला तांब्याच्या तारेचं एक गुंडाळं दाखवून सांगितलं. "चाळणीतनं पीठ खाली पडतंय, कोंडा वर ऱ्हातोय. हितं उलटं. पीठ आडवायचं आन् कोंडा तेवढा खाली सोडायचा."

"मग भाकरी कशाची करायची?" सुलाबाई म्हणाली.

डबा केला भरमू सुतारानं. जाड फळ्या, कोपऱ्याला सरस, मागं आठ स्क्रू लावलेली फळी आणि पुढं स्पीकरच्या शेजारी वारा जायला मुठीएवढं गोल भोक. स्पीकर धडधडला की त्या भोकातून हवा आत-बाहेर करणार. डबा आतून पोकळ ठेवला तर रिकाम्या पिंपासारखा घुमतो, म्हणून आत काहीतरी मऊ भरावं लागतं. भीमसेननं सांगितलं, "गोणपाट घाल चार थर." भरमूनं परशरामअण्णांच्याच वखारीतून जुनी गोणपाटं उचलली आणि ठासली.

इथंच ती चूक झाली, आणि अशी चूक निपाणीतच होऊ शकते. त्या गोणपाटांत दहा हंगाम तंबाखू भरलेला. धाग्याधाग्यात भुकटी. बाहेरगावचा माणूस निपाणीच्या स्टँडवर उतरला की पहिली शिंक देतो आणि मग पत्ता विचारतो. पण इथल्या माणसाच्या नाकाला तंबाखू कळत नाही, जसं माशाला पाणी कळत नसावं. भरमूला वास आला नाही, भीमसेनला आला नाही. सुलाबाई तर लग्नाआधीपासून विड्या वळत आलेली. हवालदाराच्या कानांची गोष्ट गावभर होती, नाकाची कुणी कधी केली नव्हती.

डबा डिकीत बसला आणि अण्णांच्या वखारीच्या आवारात चाचणी ठरली. कुठल्याशा जत्रेत भीमसेननंच टेप करून आणलेली हलगी-घुमक्याची कॅसेट होती. त्यानं ती लावली. आवाज मोठा झाला होता खरा, पण काहीतरी चुकत होतं. काय, ते त्याला सापडेना. दोन दिवस बटणं फिरवून झाली. तिसऱ्या दिवशी तो ओट्यावर आप्पासमोर जाऊन उभा राहिला.

"आप्पा, जरा कान पायजे तुमचा."

"कशाला?"

"घुमकं बसवलंय गाडीत. बरोबर वाजतंय का ते सांगा."

देवाप्पानं उन्हातले पाय जवळ घेतले. सुलाबाई आत हातातली विडी तशीच धरून बसली. मग म्हातारा म्हणाला, "हातानं सोडलंय म्या. कानानं न्हाय." आणि काठी घेऊन निघाला.

आवारात भीमसेननं गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवर पांढरी स्वच्छ खोळ. ड्रायव्हर पुढं आला, "हवालदार, त्येंनी मागं बसणार?"

"तपासणी हाय," भीमसेन म्हणाला. "आवाज मागनंच कळतोय."

देवाप्पा बसला. काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, डोळे मिटलेले. कॅसेट सुरू झाली. एक फेर झाला, दुसरा झाला.

"थाप पडतिया," देवाप्पा म्हणाला, "पर उठत न्हाय. कुणीतरी आतल्या आत दाबून धरल्यावाणी. एक म्होरं ढकलतोय, दुसरा मागं वढतोय."

भीमसेनच्या डोक्यात लख्ख झालं. कंपनीचे स्पीकर ज्या वेळी बाहेर ढकलत होते त्याच वेळी डब्यातला आत ओढत होता. दोघांचं भांडण, आणि त्यात आवाज मरत होता. त्यानं डिकी उघडली, डब्याच्या दोन तारा काढून उलट्या जोडल्या आणि पुन्हा कॅसेट लावली.

मागच्या सीटची खोळ थरथरली. वखारीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. देवाप्पाच्या गुडघ्यांमधली काठी हलायला लागली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले नाहीत, नुसती मान डोलावली.

"व्हय. आता उठली."

संध्याकाळी परशरामअण्णा स्वतः पत्रिका घेऊन आले. हळदकुंकू लावलेली, वर नाव 'श्री. देवाप्पा यांस सहकुटुंब सहपरिवार'. शब्दाला जागले, हे मान्य केलं पाहिजे. देवाप्पाला वाचता येत नव्हतं. सुलाबाईकडून दोनदा वाचून घेतली, तिसऱ्यांदा 'यांस' एवढंच कुठं लिहिलंय ते दाखवून घेतलं, आणि पत्रिका बंडीच्या खिशात घातली. लग्नापर्यंतच्या बारा दिवसांत गल्लीतलं एक घर असं राहिलं नाही की जिथं ती पत्रिका खिशातून निघाली नाही.

लग्न वैशाखात, दुपारी साडेबाराची अक्षता. नवरा मुलगा केशव, बेळगावच्या कॉलेजात शिकवणारा, गोरा, किडकिडीत, चष्म्याचा. त्याचे वडील मार्तंडराव वकील. मार्तंडरावांची कंबर धरलेली असे, म्हणून जातील तिथं स्वतःची उशी घेऊन जायचे. सावरीच्या कापसाची, फुलाफुलांच्या अभ्र्याची. कोर्टातसुद्धा ती खुर्चीला असते असं वऱ्हाडातलेच लोक सांगत होते.

साडेअकराला नवरा मारुतीच्या देवळातून नमस्कार करून बाहेर आला आणि गाडीत बसला. शेजारी वडील, त्यांच्या कमरेमागं उशी. बेळगावच्या माणसांना निपाणीची धूळ नको म्हणून काचा वर केलेल्या. गाडीपुढं नागोजीकाका काठी टेकत, फेटा बांधून. भीमसेन डिकीजवळ चालत, कोटाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. देवाप्पा मांडवात पोचला होता, खिशात पत्रिका.

कॅसेट सुरू झाली. पहिली जाड थाप पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बायका एक पाऊल मागं सरकल्या. नागोजीकाका जागीच थांबले. चेहरा असा झाला की पन्नास-पंचावन्न वर्षं उतरली. "बसलं रं," ते म्हणाले, "छातीत बसलं."

आणि आतून शिंक आली.

मग दुसरी. मग नवरा मुलगा शिंकतच सुटला. मुंडावळ्या उडून चष्म्यात अडकल्या. चष्मा काढला तर शिंक, घातला तर शिंक. गाडी थांबली. बायकांच्यात कुजबूज सुरू झाली: मांडवात जाताना नवरा शिंकला, एकदा न्हवं, नऊदा. भटजी कमरेला लावलेलं घड्याळ बघायला लागले. नागोजीकाकांचा चेहरा परत ऐंशी वर्षांचा झाला.

"बंद करा त्यो डबा," ते म्हणाले. "ह्यो डबाच अपशकुनी. म्या आधीच शेजारच्या गावातनं घुमकं आणून ठिवलंय, हितं पाराखाली हाय. भावकू, जा, सायकल काढ. मांडवात देवाप्पा हाय, त्याला घिऊन ये. ठरलंतंच तसं."

अण्णांचे दिवाणजी भावकू सायकलवर बसून निघालेसुद्धा. मांडव अर्ध्या मैलावर. जायला पाच मिनिटं, यायला म्हाताऱ्याला मागं बसवून आठ. एवढाच वेळ होता. पत्रिका खिशात घेऊन पाहुणा म्हणून बसलेल्या बापाला सगळ्या गावासमोरून उठवून इथं आणणार आणि हातात घुमकं देणार. भीमसेननं खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला.

लोक बोलत होते, ते त्याला ऐकू येत नव्हतं. या वेळी खरंच येत नव्हतं. तो फक्त शिंका ऐकत होता. कॅसेट अजून चालू होती. हलगी कडकडली, शिंक नाही. तुतारी झाली, शिंक नाही. घुमक्याची थाप, शिंक. परत थाप, परत शिंक. अगदी ताल धरून.

त्यानं डिकी उघडली. आठ स्क्रू काढले, मागची फळी सोडली आणि गोणपाट ओढलं. उन्हात सोनेरी भुकटी उडाली. भीमसेननं वास घेतला. त्याला काही कळलं नाही. शेजारच्या चार निपाणीकरांनी घेतला, त्यांनाही नाही. मग त्यानं ते गोणपाट गाडीतून खाली उतरलेल्या मार्तंडरावांच्या नाकापुढं धरलं. वकीलसाहेब असे शिंकले की टोपी पडली.

"अपशकुन न्हवं," भीमसेन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अण्णांचा तंबाखू हाय. थाप पडली की भोकातनं बाहेर येतोय. काचा बंद, जाणार कुठं? नवऱ्याच्या नाकात."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. पण हसण्यानं डबा भरणार नव्हता. ओल्या पंच्यानं त्यानं आतून पुसून घेतलं, आणि आत घालायला काय मिळतं म्हणून इकडंतिकडं बघितलं. गाडीच्या मागच्या सीटवर फुलाफुलांचा अभ्रा दिसला.

"वकीलसाहेब, उशी द्या."

"कुणाची? माझी?"

"तुमचीच."

"अहो, मला तिच्याशिवाय बसता येत नाही."

"तासाभरानं देतो. न्हाय दिली तर पोरगं शिंकत शिंकत हार घालंल."

चाळीस वर्षांच्या वकिलीच्या सवयीनं मार्तंडरावांनी युक्तिवादाला बोट वर केलं. तोवर मुलानं आतून हात बाहेर काढून स्वतःच उशी दिली. उशी डब्यात अशी बसली की भरमूनं माप घेऊन डबा केला असावा. आठांपैकी चारच स्क्रू लावले, गाडीच्या चारही काचा खाली केल्या, आणि भीमसेननं ड्रायव्हरला खूण केली.

थाप पडली. सगळा रस्ता नवऱ्याच्या नाकाकडं बघत होता. दुसरी पडली. केशवनं चष्मा घातला, मुंडावळ्या सरळ केल्या. दहा थापा झाल्या, वीस झाल्या. उशीनं आवाजाचा पिंपासारखा घुमारा उलट कमीच झाला होता. आता घुमकं नुसतं घुमक्यासारखं वाजत होतं, जाड आणि गोल. गाडी हलली. विड्या वळणाऱ्या बायका सुपं खाली ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या.

अर्ध्या रस्त्यात भावकू दिवाणजी सायकल मारत समोरून परत आले. मागं कुणी नाही.

"देवाप्पा कुठं हाय?" नागोजीकाकांनी विचारलं.

"येत न्हाय म्हणला." भावकू धापा टाकत होते. "म्या सांगितलं, काका बलवत्यात, घुमकं वाजवायचंय. तर म्हणला, वाजतंय की. ऐकाय येत न्हाय व्हय तुमास्नी? मधी जरा थांबलंतं, पर आता लई झ्याक उठतंय. आन् पाय लांब करून बसला परत."

भीमसेन डिकीजवळ चालत होता. त्यानं स्क्रूड्रायव्हर परत खिशात घातला. सुलाबाई बायकांच्या घोळक्यातून बघत होती, आणि नंतर तिनं गल्लीत सांगितलं की हवालदार त्या दिवशी मांडवापर्यंत परेडमध्ये चालल्यासारखा चालला, डावा-उजवा, डावा-उजवा, आणि त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

अक्षता वेळेवर पडल्या. विजूला नवऱ्याच्या नऊ शिंकांची गोष्ट हार घालायच्या आधीच कळली होती, त्यामुळं हार घालताना ती हसू दाबत होती. पहिली पंगत बसली. मार्तंडरावांना उशी परत मिळाली, जरा गरम झालेली. त्यांनी तिचा वास घेऊन बघितला आणि मगच कमरेमागं घातली. परशरामअण्णा स्वतः पंगतीत वाढत फिरत होते.

नागोजीकाका मात्र मांडवाच्या दारात येऊन उभे राहिले. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात नवी कोरी धोतरजोडी. आवाज मनासारखा ऐकायला मिळाला होता, माणूस खूश होता, आणि खूश झाल्यावर काय करायचं ते त्यांना लहानपणापासून एकच ठाऊक होतं. त्यांनी बाहेर डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. वाजवणारा जिथं उभा असायचा तिथं गाडी उभी होती आणि तिच्या उघड्या डिकीशी भीमसेन वायरीचं वेटोळं करत होता.

"भीमसेना," काका म्हणाले, "देवाप्पाला हिकडं बलव. वाजवणाऱ्याचा नारळ मांडवाबाहेर द्यायची चाल हाय आमची."

आसपासच्यांना वाटलं, आता हवालदार बहिरा होणार. त्यानं वायरीचे आणखी दोन वेढे घेतले, टोक आत खोवलं, आणि मान वर केली.

"आप्पा आत पयल्या पंगतीत बसलाय, काका. जिलबी वाढून झालीया त्येला. तुमी नारळ तितंच घिऊन जावा. आन् जरा वाकून द्या, खाली बसलाय त्यो."